न आलेल्या यंत्राशी लढाई : ड्रीमकास्ट आणि प्लेस्टेशन २

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी आम्हाला फोन करून विचारलं, की सर, आयुष्यभर न्यायदर्शन शिकवलेल्या माणसाने व्हिडिओ गेमवर काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. आम्ही स्वतः हे खेळ कधी खेळलो नाही. एकदा हातात कंट्रोलर घेतला होता, तर गाडी भिंतीवर आपटून तिथेच उभी राहिली. पण या वर्षी घर आवरताना माळ्यावर एक दोनशे पानी वही सापडली, आणि त्या वहीने आम्हाला या विषयात ओढलं.

वही आमच्या मुलाची. १९९९ साली तो अकरावीत होता. रद्दीच्या दुकानातून जुनी कॉम्प्युटरची मासिकं आणायचा आणि त्यातले आकडे या वहीत उतरवून घ्यायचा. पट्टीने आखलेले तीन रकाने आहेत. पहिला ड्रीमकास्ट. दुसरा ‘नवीन प्लेस्टेशन’. तिसऱ्यावर नुसतं ‘डॉल्फिन’ असं लिहिलंय आणि खाली जवळजवळ सगळं कोरं. प्रोसेसर, मेमरी, सेकंदाला पॉलिगॉन किती, किंमत, सगळं ओळीने मांडलेलं. गंमत अशी, की वही भरली गेली तेव्हा यातलं फक्त पहिलं यंत्र अस्तित्वात होतं. आणि तेही आमच्या घरात नव्हतं, येण्याची शक्यताही नव्हती. बाजारात तुरी म्हणतात ना, तसं.

आम्ही तेव्हा त्याला रागावलो होतो. आता वाटतं, त्या वेळी जपान-अमेरिकेतली लाखो मुलं आणि मोठी माणसंही हेच करत होती, आणि त्यांच्या या रकान्यांनी एका मोठ्या कंपनीचा निकाल लावला. तो कसा लागला ते आज पाहू.

आधी थोडं मागे जायला हवं. मे १९९५. अमेरिकेत लॉस एंजेलिसला ई-थ्री नावाचं प्रदर्शन पहिल्यांदा भरलं. सेगा आणि सोनी, दोन्ही जपानी कंपन्या, आपापली नवी यंत्रं अमेरिकेत आणणार होत्या. सेगाच्या सॅटर्नची तारीख सप्टेंबरची ठरली होती. पण ११ मे रोजी सेगाचे अमेरिकेतले प्रमुख टॉम कॅलिन्स्की यांनी व्यासपीठावरून सांगून टाकलं, की सॅटर्न ३९९ डॉलरला आजपासूनच दुकानांत आहे. हेतू हा, की सोनीच्या आधी मैदान मारावं. नंतर सोनीतर्फे स्टीव्ह रेस बोलायला आले. त्यांनी माईकसमोर एकच आकडा उच्चारला, २९९, आणि ते खाली उतरले. प्लेस्टेशन यायला अजून चार महिने होते, तरी त्या दिवशी जिंकलं ते प्लेस्टेशन.

सेगाच्या त्या घाईचा फटका तिलाच बसला. सॅटर्न निवडक दुकानदारांनाच मिळाला होता, बाकीचे बिथरले. खेळ तयार करणाऱ्यांना वाटत होतं सप्टेंबरपर्यंत वेळ आहे, त्यामुळे यंत्र आलं पण खेळ मोजकेच. त्याच्या आदल्या नोव्हेंबरात सेगाने जुन्या यंत्रावर बसवायचं थर्टी-टू-एक्स नावाचं जोडयंत्र विकलं होतं, तेही वर्षभरात वाऱ्यावर सोडलं. पुढे १९९७ साली कंपनीच्याच अमेरिकेतल्या प्रमुखाने, बर्नी स्टोलार यांनी, सॅटर्न हे आमचं भविष्य नाही असं जाहीरपणे म्हटलं. ज्यांनी पदरचे पैसे मोडून सॅटर्न घेतला होता, त्यांना हे ऐकून काय वाटलं असेल ते आपण समजू शकता.

हे एवढ्या तपशिलात सांगतो याला कारण आहे. आमच्या नैयायिकांनी शब्द हे ज्ञानाचं साधन मानलं, पण कोणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा. आप्त म्हणजे इथे नातेवाईक नव्हेत, तर ज्याच्या सांगण्यावर विसंबावं असा माणूस. १९९५ ते १९९७ या दोन-तीन वर्षांत सेगा गिऱ्हाइकाच्या लेखी आप्त उरली नाही. पुढचं सगळं रामायण यातून झालं असं आमचं मत आहे. यंत्राच्या ताकदीचा भाग त्यात दुय्यम होता.

आता ड्रीमकास्टकडे वळू. २७ नोव्हेंबर १९९८ रोजी ते जपानात आलं, किंमत २९,८०० येन. आत हिताचीचा २०० मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, एनईसीची पॉवरव्हीआर ग्राफिक्स चिप, १६ एमबी मेमरी, चित्रांसाठी वेगळी ८ एमबी. सोबत मोडेमसुद्धा! घरातल्या खेळाच्या यंत्रात फोनची तार जोडून जगाशी खेळायचं, ही कल्पना १९९८ साली धाडसाचीच होती. पण ग्राफिक्स चिप हव्या तितक्या तयार होईनात, त्यामुळे मागणी असून सुरुवातीला माल नव्हता आणि सोबत खेळ चारच.

जपानातली तेव्हाची एक जाहिरात आम्हाला फार बोलकी वाटते. सेगाचे एक खरेखुरे अधिकारी, युकावा, रस्त्याने चाललेत. शाळकरी मुलं आपापसांत बोलतायत, की सेगाचं काय, त्यात मजा नाही, प्लेस्टेशनच चांगलं. युकावांचा चेहरा पडतो. आपल्या पैशाने आपल्याच अधिकाऱ्याच्या तोंडावर प्रतिस्पर्ध्याचं नाव घ्यायला लावणारी कंपनी आम्ही दुसरी पाहिली नाही. जाहिरात लोकांना आवडली, युकावा घरोघरी माहीत झाले. पण जे मनात असतं ते ओठावर येतं म्हणतात, तशी ती कबुलीच होती.

आणि मग २ मार्च १९९९. ड्रीमकास्टला जपानात जेमतेम तीन महिने झालेत, अमेरिकेत ते यायला सहा महिने आहेत, आणि सोनीने टोकियोत सभा घेऊन पुढच्या प्लेस्टेशनची माहिती सांगितली. केन कुतारागी यांच्या चमूने तोशिबाबरोबर प्रोसेसर केला होता, त्याचं नाव ‘इमोशन इंजिन’. भावनेचं इंजिन! चिपला असं नाव ठेवणाऱ्या माणसाला आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गात पहिल्या बाकावर बसवलं असतं. आकडा सांगितला सेकंदाला ६ कोटी ६० लाख पॉलिगॉनचा. ड्रीमकास्टचा आकडा सांगितला जायचा ३० लाख. शिवाय डीव्हीडी चालणार आणि जुन्या प्लेस्टेशनच्या तबकड्याही चालणार.

मुलाच्या वहीत ६,६०,००,००० हा आकडा लाल शाईने लिहिलाय, खाली दोन रेघा. त्याच्या शेजारी ३०,००,०००. पोराने भागाकारसुद्धा केलाय : २२ पट.

आता हे २२ पट म्हणजे काय होतं? ६ कोटी ६० लाख ही संख्या नुसत्या भूमितीच्या गणिताची होती. म्हणजे उघडे त्रिकोण, त्यांच्यावर प्रकाश नाही. सोनीने त्याच वेळी दिलेल्या माहितीत प्रकाश धरला तर ३ कोटी ८० लाख आणि वक्र पृष्ठभाग घेतले तर १ कोटी ६० लाख असेही आकडे होते. ड्रीमकास्टचा ३० लाखांचा आकडा त्या मानाने प्रत्यक्ष खेळाच्या जवळचा. म्हणजे तुलना कशाची, तर एका गाडीच्या उतारावरच्या न्यूट्रलमधल्या वेगाची आणि दुसरीच्या चार माणसं बसवून घाट चढतानाच्या वेगाची. प्लेस्टेशन २ जास्त ताकदवान होतं यात वाद नाही, त्याची मुख्य मेमरी दुप्पट, ३२ एमबी होती. पण त्याच्या ग्राफिक्स चिपमधली मेमरी ४ एमबी, ड्रीमकास्टच्या निम्मी. पहिल्या खेपेच्या खेळांत कडा करवतीसारख्या दिसतात अशी तक्रार झाली ती उगीच नाही. त्याच सुमाराला ड्रीमकास्टवरचा सोलकॅलिबर नितळ दिसत होता.

आमच्याकडे उपमानाचं जुनं उदाहरण आहे. शहरातल्या माणसाने गवय पाहिलेला नाही. रानातला माणूस त्याला सांगतो, गवय गाईसारखा असतो. मग तो रानात जातो, गाईसारखं जनावर त्याला दिसतं, ऐकलेलं वाक्य आठवतं, आणि तो ओळखतो, की हाच तो गवय. यात प्रत्यक्ष दिसणं ही पायरी गाळता येत नाही. १९९९ साली ती पायरीच नव्हती. वाक्य सगळ्यांनी ऐकलं होतं, रानात कोणी गेलंच नव्हतं, आणि घरी बसून गवय गाईपेक्षा बावीसपट मोठा आहे असं ठरलं होतं.

दुसरी गोष्ट अभावाची. घडा घडण्याआधी मातीत घड्याचा जो अभाव असतो त्याला प्रागभाव म्हणतात. तो अनादि आहे, पण घडा झाला की संपतो. आम्ही हे पस्तीस वर्षं शिकवलं, पण प्रागभाव बाजारात जाऊन लढतो हे आम्हाला या इतिहासाने दाखवलं. दुकानातल्या ड्रीमकास्टला पंख्याचा आवाज होता, त्याच्या कंट्रोलरची तार नको त्या बाजूने निघत होती. मार्च १९९९ मधल्या प्लेस्टेशन २ ला यातलं काही नव्हतं, कारण ते स्वतःच नव्हतं.

याला दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगितली नाही तर सेगावर अन्याय होईल. ९ सप्टेंबर १९९९ रोजी, म्हणजे ९-९-९९ ला, अमेरिकेत १९९ डॉलरला ड्रीमकास्ट आलं आणि पहिल्या चोवीस तासांत सव्वादोन लाख यंत्रं खपली. खेळ भरपूर होते आणि चांगले होते. पण इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स या बड्या कंपनीने ड्रीमकास्टसाठी खेळ करायला नकार दिला होता. नवं प्लेस्टेशन येतंय म्हणून गिऱ्हाईक थांबलं, गिऱ्हाईक थांबलं म्हणून खेळ करणारे थांबले, ते थांबले म्हणून आणखी गिऱ्हाईक थांबलं. त्यात २००० साली साध्या सीडीवर उतरवलेले चोरीचे खेळ यंत्रात काहीही बदल न करता चालायला लागले.

धंद्यात याच्या जवळ जाणारं एक नाव आहे, ‘ऑस्बोर्न इफेक्ट’. ॲडम ऑस्बोर्न यांनी १९८१ साली उचलून नेता येईल असा संगणक काढला, पुढच्या मॉडेलची आगाऊ बातमी दिली, लोकांनी चालू माल घेणं थांबवलं आणि १९८३ साली कंपनी बुडाली अशी कथा सांगतात. काही अभ्यासकांना बुडण्याचं हे कारण पटत नाही, ते राहू द्या. आम्हाला आकर्षण वेगळंच. हे ऑस्बोर्न वाढले तमिळनाडूत. वडील आर्थर ऑस्बोर्न रमण महर्षींचे भक्त, तिरुवन्नामलैला राहिलेले, महर्षींचं चरित्र लिहिणारे. ज्या अंगणात ‘मी कोण’ हा एकच प्रश्न विचारला जायचा, तिथे खेळलेल्या मुलाचं नाव ‘पुढचं मॉडेल कोणतं’ या प्रश्नाला चिकटावं! मात्र सेगाचं प्रकरण याहून बिकट. ऑस्बोर्नला स्वतःच्या पुढच्या यंत्राने मारलं, सेगाला दुसऱ्याच्या.

४ मार्च २००० रोजी प्लेस्टेशन २ जपानात आलं, ३९,८०० येन. पहिल्या दोन-तीन दिवसांत दहा लाखांच्या जवळपास खपलं. बऱ्याच घरांत ते आधी डीव्हीडी प्लेअर म्हणून गेलं. पुढच्याच महिन्यात जपान सरकारने त्याच्या निर्यातीवर निर्बंध घातले, कारण काय तर त्यातल्या चिप लष्करी कामाला वापरता येतील! याहून चांगली जाहिरात सोनीला पैसे मोजूनही मिळाली नसती. अमेरिकेत २६ ऑक्टोबरला २९९ डॉलरला आलं तेव्हा सुटे भाग अपुरे पडले म्हणून दहा लाखांऐवजी पाच लाखच यंत्रं आली. सेगाला वाटलं, आता तरी लोक आपल्याकडे वळतील. ऑगस्टअखेर किंमत १४९ डॉलरवर आणून ठेवली होती. लोक वळले नाहीत. रिकाम्या फळीसमोर उभे राहून ते थांबले.

३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने ड्रीमकास्टचं उत्पादन मार्चअखेर बंद करत असल्याचं जाहीर केलं. एकूण खप नव्वद लाखांच्या थोडा वर. कंपनीचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी आधी स्वतःचे पैसे कंपनीला कर्जाऊ दिले होते. ते कर्ज त्यांनी माफ केलं आणि आपल्याजवळचे कोट्यवधी डॉलरचे शेअर सेगाला देऊन टाकले. १६ मार्चला ते वारले. सेगा तगली, अजून खेळ काढते, इतरांच्या यंत्रांसाठी. घरातलं यंत्र मात्र तिने पुन्हा आणलं नाही.

सोनीचं यंत्र पुढे साडेपंधरा कोटींच्या वर खपलं. २००९ साली हैदराबादच्या एका कंपनीने हनुमानावरचा खेळ काढला तो याच यंत्रासाठी. उत्पादन थांबलं २०१३ च्या जानेवारीत.

पण प्रागभावाला सुट्टी नसते. प्लेस्टेशन २ जपानात येऊन सहाच दिवस झाले होते, आणि १० मार्च २००० रोजी कॅलिफोर्नियात बिल गेट्स यांनी एक्सबॉक्सची घोषणा केली. ते आलं नोव्हेंबर २००१ मध्ये. मधले वीस महिने लोकांनी पुन्हा रकाने आखले. मुलाच्या वहीचं ‘डॉल्फिन’ त्याच महिन्यात गेमक्यूब म्हणून अमेरिकेत पोचलं.

वही सापडली त्या रात्री आम्ही मुलाला फोन केला. तो आता अमेरिकेत असतो, त्याची मुलगी सातवीत आहे. विचारलं, शेवटी तू यातलं कोणतं घेतलंस रे? आम्हाला वाटलं, लाल शाईवालं. तर म्हणाला, “बाबा, २००५ मध्ये शिकायला आलो तेव्हा एकाने घर सोडताना ड्रीमकास्ट वीस डॉलरला दिलं, तेच आहे अजून. चालू केलं की मेमरी कार्डाची बॅटरी गेल्याची शिट्टी वाजते, तेवढीच तक्रार.” मग म्हणाला, वहीचं ते पान फोटो काढून पाठवा. आम्ही पाठवलं. थोड्या वेळाने निरोप आला, की भागाकार बरोबर आहे.