शस्त्र नियंत्रण प्रणालींची खरेदी आणि लघुउद्योजक: आयडेक्स योजनेची माहिती

ही माहिती कोणासाठी आहे?

आपला छोटा कारखाना, इलेक्ट्रॉनिक्सचे वर्कशॉप किंवा मान्यताप्राप्त स्टार्टअप असेल आणि सैन्यदलांना उपयोगी पडेल असे काही बनवण्याची आपली क्षमता असेल, तर ही माहिती आपल्यासाठी आहे. उद्यम नोंदणी झालेले, मुद्रा कर्ज घेतलेले, बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करून स्वतःचा उद्योग सुरू करू पाहणारे मराठी तरुण, तसेच बेळगाव, कोल्हापूर, पुणे भागातील सुटे भाग बनवणारे कारखानदार यांना दोन प्रश्न पडतात: लष्कर आपल्यासारख्या लहान माणसाकडून खरेदी करते का? आणि करत असेल, तर त्यात आपला किती पैसा अडकतो?

शस्त्र नियंत्रण प्रणाली म्हणजे काय?

तोफ किंवा रॉकेट डागण्याआधी लक्ष्य कुठे आहे, किती वेगाने सरकते आहे आणि नळी कोणत्या कोनात ठेवायची, हे ठरवावे लागते. हे काम करणारी रडार, कॅमेरे, संगणक आणि मोटारी यांची जोडणी म्हणजे शस्त्र नियंत्रण प्रणाली. ती अनेक लहान भागांची बनलेली असते. त्यामुळे तिच्यात लहान उद्योगांना वाव असतो.

दोन उदाहरणे पाहा. पिनाक रॉकेट प्रणालीच्या विकासात पुण्यातील डीआरडीओच्या प्रयोगशाळेचा मोठा वाटा आहे. 31 ऑगस्ट 2020 रोजी संरक्षण मंत्रालयाने सहा पिनाक रेजिमेंटसाठी सुमारे 2,580 कोटी रुपयांचे करार केले. स्वयंचलित नेम धरणारी यंत्रणा बसवलेले 114 लाँचर आणि 45 कमांड पोस्ट टाटा पॉवर व लार्सन अँड टुब्रो या कंपन्यांकडून, तर 330 वाहने बीईएमएलकडून घ्यायची, अशी कामाची विभागणी झाली. टाटा पॉवरच्या ज्या विभागाकडे हे काम होते, त्याचा कारखाना इलेक्ट्रॉनिक सिटीत होता. हा विभाग नंतर टाटा ॲडव्हान्स्ड सिस्टीम्सकडे गेला.

दुसरे उदाहरण नौदलाचे. 30 मार्च 2023 रोजी बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सशी (बीईएल) 13 लिंक्स-यू2 प्रणालींसाठी 1,700 कोटींहून अधिक रकमेचा करार झाला. या प्रणाली जहाजावरील तोफेला नेम धरून देतात. गोवा शिपयार्ड आणि कोलकात्याचे गार्डन रीच येथे बांधल्या जाणाऱ्या गस्ती जहाजांवर त्या बसतील.

पूर्वीची अडचण कोणती होती?

नेहमीच्या निविदेत लष्कर वस्तूचे तपशीलवार वर्णन देते आणि ‘यापूर्वी अशी वस्तू पुरवली आहे का, उलाढाल किती’ असे विचारते. नव्या उद्योगाकडे याचे उत्तर नसते. शिवाय नमुना स्वतःच्या खर्चाने बनवायचा, चाचणीसाठी वर्षानुवर्षे थांबायचे आणि शेवटी ऑर्डर दुसऱ्याला जायची, हा धोका लहान उद्योगाला परवडत नाही.

आयडेक्समध्ये नवीन काय आहे?

आयडेक्स योजना 12 एप्रिल 2018 रोजी चेन्नईजवळ भरलेल्या डिफेन्स एक्स्पोमध्ये सुरू झाली. ती डिफेन्स इनोव्हेशन ऑर्गनायझेशन ही ना-नफा कंपनी चालवते. हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि बीईएल या दोन सरकारी कंपन्यांनी तिची स्थापना केली.

येथे खरेदीचा क्रम बदललेला आहे. सैन्यदले वस्तूचे वर्णन न देता आपली अडचण जाहीर करतात. तिला ‘आव्हान’ म्हणतात. आपण उपाय सुचवायचा. निवड समितीने तो स्वीकारला, तर नमुना बनवण्यासाठी करार होतो आणि अनुदान मिळते. संबंधित दलाचा एक समन्वय अधिकारी आपल्याला मार्गदर्शन करतो. आव्हानांच्या यादीत नसलेली कल्पनाही ‘ओपन चॅलेंज’मध्ये मांडता येते. स्टार्टअप, सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग आणि वैयक्तिक नवसंशोधक अर्ज करू शकतात.

अनुदान किती आणि कसे मिळते?

- नियमित आयडेक्स: जास्तीत जास्त 1.5 कोटी रुपये
- आयडेक्स प्राइम: जास्तीत जास्त 10 कोटी रुपये
- अदिती (अतिप्रगत तंत्रज्ञानासाठी, 4 मार्च 2024 पासून): जास्तीत जास्त 25 कोटी रुपये

हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत. अनुदान साधारणपणे विकासखर्चाच्या निम्म्यापर्यंत असते आणि उरलेला वाटा आपल्याला उभा करावा लागतो. समजा, नियमित आयडेक्समध्ये आपला खर्च 2 कोटी आहे. तर अनुदान जास्तीत जास्त 1 कोटी मिळेल आणि 1 कोटी आपले. खर्च 4 कोटी असेल, तर निम्मे 2 कोटी होतात, पण मर्यादा 1.5 कोटींची आहे. म्हणजे 2.5 कोटी आपल्याला आणावे लागतील.

रक्कम एकदम मिळत नाही. करारात टप्पे ठरतात आणि टप्पा पूर्ण झाल्यावर पुढचा हप्ता मिळतो. काम रखडले, तर हप्ताही रखडतो, पण पगार आणि भाडे थांबत नाही. म्हणून टप्पे ठरवताना सुट्या भागांच्या आयातीला आणि चाचणीला लागणारा वेळ धरूनच तारखा द्या.

नमुना यशस्वी झाला की ऑर्डर नक्की का?

नाही. हा मुद्दा नीट समजून घ्या. अनुदानाचा करार आणि खरेदीचा करार हे दोन वेगळे करार आहेत. एकाच आव्हानात एकाहून अधिक विजेते असू शकतात. नमुना चाचणीत उतरल्यावर संबंधित दल खरेदीची गरज मान्य करून घेते, मग प्रस्ताव मागवला जातो आणि त्यानंतर खरेदीचा करार होतो.

यात वेळ जाऊ नये म्हणून मार्च 2022 मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने आयडेक्ससाठी सोपी पद्धत मंजूर केली. तिच्यानुसार गरज मान्य झाल्यापासून करारावर सही होईपर्यंत सुमारे 22 आठवडे लागणे अपेक्षित आहे. मात्र हे आठवडे गरज मान्य झाल्यावर मोजायचे असतात, नमुना तयार झाल्यापासून नव्हे. मधल्या काळाचा खर्च भागवण्याची तजवीज आधीच करून ठेवा. केवळ ऑर्डरच्या भरवशावर राहते घर किंवा शेती गहाण ठेवू नका.

दुसरा मार्ग: मोठ्या कंपनीचा पुरवठादार

संपूर्ण प्रणाली बनवणे शक्य नसेल, तर बीईएल किंवा खासगी कंपन्यांना सर्किट बोर्ड, केबल, यंत्रभाग, पेट्या असे भाग पुरवता येतात. पूर्वी आयात होणाऱ्या आणि आता देशात बनवून हव्या असलेल्या वस्तूंची यादी ‘सृजन’ पोर्टलवर पाहता येते.

सरकारी खात्यांनी व कंपन्यांनी वार्षिक खरेदीतील 25 टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, असे धोरण आहे. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी 4 टक्के आणि महिला उद्योजकांसाठी 3 टक्के वाटा आहे. शस्त्रप्रणाली आणि क्षेपणास्त्रे यांना मात्र हे आरक्षण लागू नाही. म्हणून तयार शस्त्रप्रणालीसाठी या टक्केवारीवर विसंबून राहू नका.

पैसे वेळेवर मिळण्यासाठी कायद्याचा आधार आहे. 2006 च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज देय होते. ‘समाधान’ पोर्टलवर तक्रार करता येते. हा हक्क सांगता यावा म्हणून माल देण्यापूर्वीच उद्यम नोंदणी करून ठेवा.

अर्ज करण्यापूर्वी

1. उद्यम नोंदणी करा. तिला शुल्क नाही. स्टार्टअप असल्यास डीपीआयआयटीची मान्यता घ्या. सरकारी निविदांमध्ये सूक्ष्म व लघु उद्योगांना आणि मान्यताप्राप्त स्टार्टअपना बयाणा रकमेतून सूट मिळते.
2. आयडेक्सच्या अधिकृत संकेतस्थळावर सध्या कोणते आव्हान खुले आहे आणि त्याची अंतिम तारीख काय आहे, ते पाहा. अदिती योजनेला 2023-24 ते 2025-26 या काळासाठी 750 कोटी रुपये मंजूर झाले होते. त्यामुळे चालू फेरीच्या अटीच ग्राह्य धरा.
3. स्वतःचा वाटा कोठून येणार, ते कागदावर मांडा.
4. करारातील बौद्धिक संपदेचे कलम वकिलाकडून वाचून घ्या. तयार होणाऱ्या रचनेवर आणि सॉफ्टवेअरवर कोणाचा किती हक्क राहील, हे सही करण्यापूर्वीच समजले पाहिजे.

सामान्य प्रश्न

*मी अभियंता नाही, माझे टर्निंगचे वर्कशॉप आहे. मला अर्ज करता येईल का?*
आपल्याकडे स्वतंत्र उपाय असेल तर करता येईल. नसेल, तर सुटे भाग पुरवण्याचा दुसरा मार्ग आपल्याला अधिक सोयीचा आहे.

*अनुदान परत करावे लागते का?*
अनुदान हे कर्ज नाही. मात्र ते टप्प्यांच्या अटींवर मिळते. अटी मोडल्यास काय होईल, ते करारात वाचा.

*‘निवड करून देतो’ म्हणून कोणी पैसे मागितले तर?*
देऊ नका. निवड समिती करते. मध्यस्थाला त्यात कोणतेही स्थान नाही.