न्यूनीकरण
न्यूनीकरण : कायद्याचे बळ, हक्काची व्याप्ती किंवा माणसाची प्रतिष्ठा उणी करणे. कायद्यात हक्काला कात्री लागते, समाजव्यवहारात माणसाला कमी लेखले जाते.

कायद्यातील अर्थ : मूलभूत हक्कांचे न्यूनीकरण करणारा कायदा भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १३ नुसार तेवढ्यापुरता शून्य ठरतो. १९७५–७७ च्या आणीबाणीत जीविताच्या हक्कासाठीही न्यायालयाचे दार बंद झाले. त्यानंतर ४४व्या घटनादुरुस्तीने (१९७८) अनुच्छेद २० व २१ यांची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असे ठरवले. नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार (१९६६) राष्ट्रीय संकटात काही हक्क आवरू देतो, परंतु छळ व गुलामगिरी यांना कधीच मुभा देत नाही.

उदाहरण – दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क : करारातून हक्क उणे करण्याला कायदा कसा अटकाव करतो, हे येथे दिसते. जबल अलीजवळचा सुमारे २,३०० हेक्टरांचा औद्योगिक, व्यापारी व निवासी परिसर. स्थापना १९९७. कारखाने, गोदामे व कामगारांची निवासस्थाने येथे एकमेकांजवळ आहेत. दुबई आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्राचा रोजगार कायदा स्वतंत्र आहे. पार्कला संघीय कामगार कायद्यातून तशी सूट नाही. येथील खासगी आस्थापनांना संयुक्त अरब अमिरातीचा २०२१ चा कामगारविषयक संघीय हुकूमनामा-कायदा क्र. ३३ लागू होतो (अंमल २ फेब्रुवारी २०२२ पासून). त्याच्या कलम ६५ नुसार त्यातील हक्क किमान आहेत. त्यांहून उणी अट करारात घातली, तर कामगाराची सही असूनही ती रद्द ठरते. अधिक लाभाची अट मात्र चालते. कलम ४ भेदभावाला, तर कलम १४ शाब्दिक, शारीरिक व मानसिक हिंसेला मनाई करते.

समाजव्यवहारातील अर्थ : अशा वस्त्यांतील कामगारांसाठी ‘लेबर’, ‘कॅम्पवाला’ हे शब्द हेटाळणीने उच्चारले, की माणसाचे नाव, गाव आणि कसब पुसले जाते. महाराष्ट्रात जातिवाचक वस्तीनामांनी हेच केले. ती नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीचा लोकांदेखत हेतुपुरस्सर पाणउतारा करणे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

परस्परसंबंध : कायद्यातील न्यूनीकरणाला कारण द्यावे लागते आणि मर्यादा पाळावी लागते, तुच्छतेला दोन्हींची गरज वाटत नाही. म्हणून ती अधिक घातक. ज्याला आधीच हलका ठरवले, त्याचा बुडालेला ओव्हरटाइम कोणाला खुपत नाही आणि त्याची तक्रार उद्धटपणा ठरते. बेकायदा अट न्यायालय रद्द करू शकते. पण ती न्यायालयापर्यंत नेण्याचे बळ कामगाराला सोबतच्या माणसांनी दिलेल्या मानातूनच मिळते.