नमुना आणि निकाल

शेतातली माती तपासणीसाठी पाठवायची तर ती कशी घ्यावी, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. बांधालगतची घेऊ नये, झाडाखालची घेऊ नये, उकिरड्याजवळची तर मुळीच नाही. आणि खताच्या रिकाम्या गोणीत ती भरू नये. का बरे? प्रयोगशाळेतला मनुष्य कितीही हुशार असो, यंत्र कितीही नवे असो, तो तपासणार आपण दिलेली चिमूटभर माती. तीच खोटी निघाली, तर निकाल खरा कोठून यायचा?

हीच गोष्ट आज इतिहासाच्या एका प्रकरणातून आपल्यापुढे मांडावयाची आहे. त्यासाठी आपण प्रथम नाशकातच जाऊ.

गोदाकाठची मातीची गढी नाशिककरांच्या परिचयाची आहे. १९५०-५१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकळिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी नाशिक येथे आणि संगमनेरजवळ प्रवरेकाठच्या जोर्वे गावी उत्खनन केले. थरामागून थर उलगडत गेला. वर मुसलमानी आणि मराठे अमदानीतल्या वस्तू, त्याखाली सातवाहनांचा काळ, आणि तळाशी ताम्रपाषाण युगातल्या माणसांच्या खुणा. १९५५ साली या कामाचा अहवाल छापून निघाला. जोर्व्याच्या रंगीत खापरांवरून एका संपूर्ण संस्कृतीला ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव मिळाले. पुढे १९५४ ते ५६ या काळात नेवाशाला उत्खनन झाले, तेव्हा घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन रांजणांत पुरलेली लहान मुले सापडली.

आता एक गंमत पाहा. नाशिकचे उत्खनन झाले १९५०-५१ मध्ये. प्राणिमात्राचा वंशवारसा ज्यात साठवलेला असतो त्या डी.एन.ए.ची रचना वॉटसन आणि क्रिक यांनी जगापुढे ठेवली ती १९५३ साली. तेव्हा जमिनीतून निघालेल्या हाडात पूर्वजांचा वारसा शिल्लक असू शकेल, ही कल्पना त्या वेळी कोणाला असणार? सापडलेली हाडे उघड्या हातांनी उचलावी, पाण्याने स्वच्छ करावी, हीच त्या काळची जगभरची रीत होती. त्यात त्या मंडळींना दोष नाही. पण हाताच्या स्पर्शाने आपला स्वतःचा डी.एन.ए. त्या हाडाला चिकटतो, हे आज आपल्याला कळले आहे.

हे न ओळखल्याने काय होते? १९९४ साली अमेरिकेतील काही संशोधकांनी जाहीर केले की आठ कोटी वर्षांपूर्वीच्या हाडातून, बहुधा डायनोसॉरच्या, आम्ही डी.एन.ए. मिळविला. जगभर गाजावाजा झाला. वर्षभरातच इतरांनी पडताळून पाहिले, तर तो निघाला माणसाचा! यंत्राने खोटे सांगितले नव्हते. जे त्याच्या पुढ्यात आले, तेच त्याने वाचले.

आता पुन्हा डेक्कन कॉलेजकडे वळू. हरियाणातील राखीगढी हे सिंधु संस्कृतीचे मोठे नगर. तेथे डॉ. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने उत्खनन केले आणि स्मशानभूमीतील हाडांचे ६१ नमुने डी.एन.ए.साठी तपासण्यात आले. आपला देश उष्ण, त्यात पावसाळ्याचा ओलावा. उष्णता, पाणी आणि जंतू यांनी डी.एन.ए.चे तुकडे तुकडे होतात. त्या ६१ पैकी एकाच नमुन्यात काही आशा दिसली. तो होता एका स्त्रीच्या कानाच्या आतल्या भागाभोवतीच्या हाडाचा. हे हाड शरीरातले सर्वांत घट्ट, म्हणून त्यात काही टिकून राहते. शंभराहून अधिक वेळा खटपट केल्यावर थोडीशी माहिती हाती आली आणि २०१९ साली ती प्रसिद्ध झाली.

ही माहिती जुनीच, आपल्या हाताची नव्हे, हे कसे ठरविले? प्राचीन डी.एन.ए.च्या तुकड्यांच्या टोकांना काळाने विशिष्ट प्रकारची इजा झालेली असते. ती जखम हीच त्याची ओळख. आणि एका व्यक्तीवरून सबंध समाजाबद्दल बोलायचे कसे? संशोधकांनी तो वारसा तुर्कमेनिस्तान आणि इराण येथील दोन स्थळी सापडलेल्या ११ व्यक्तींच्या वारशाशी ताडून पाहिला, तो जुळला, तेव्हा कोठे ते बोलले. तरीही ६१ मधला एक, हा आकडा शिक्षकबंधूंनी वर्गात फळ्यावर लिहावा असा आहे.

डी.एन.ए. निदान हाडात हजारो वर्षे तग धरतो. त्याहून नाजूक आहे आर.एन.ए. शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तोच वारसा असतो. पण कोणत्या घटकेला कोणते जनुक कामाला लागले आहे, हे आर.एन.ए.वरून कळते. आपल्या कातडीवरच त्याचा नाश करणारे द्रव्य असते. समजा, पाण्याच्या ताणात द्राक्षवेल काय करते, हे तपासायचे आहे. पान खुडले आणि घटकाभर उन्हात ठेवले, तर वेल तहानेला देत असलेले उत्तर त्यात राहत नाही. खुडण्याच्या जखमेचे उत्तर मात्र दिसू लागते. म्हणून पान खुडताच ते उणे १९६ अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये टाकतात आणि पुढे उणे ८० अंशांत जपतात. आर.एन.ए. किती शाबूत आहे याला १ ते १० असे गुण देण्याची पद्धतही आता रूढ आहे. गुण कमी, तर हिशेब मांडण्यापूर्वीच थांबावे, हे उत्तम.

मग आपण काय करावे? नांगराला खापर लागले, विहीर खणताना हाडे दिसली, तर हात आवरावा. धुऊ नये, घासू नये, घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवू नये. काम थांबवून जागेची खूण करावी, मास्तरांना किंवा तलाठ्यांना सांगावे आणि पुरातत्त्व खात्याकडे वर्दी पोचवावी. नाशिकच्या मातीतून काय वाचता येईल, हे १९५१ साली कोणाला ठाऊक नव्हते. आज आपल्याला जे ठाऊक नाही, ते उद्याच्या मुलांना वाचता यावे, एवढ्यासाठी तरी ती माती आपण नीट राखली पाहिजे.