पाचवे कलम आणि गोव्याची पत्रे

कोयनानगरजवळच्या हेळवाकवरून कुंभार्ली घाट उतरू लागलो की एक जुनी सरहद्द मागे पडते. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना जो मुलूख दिला, तो पश्चिमेला सह्याद्रीच्या धारेवर संपत होता. खालचे कोकण कंपनीने स्वतःकडे ठेवले. याच कोयना खोऱ्यातल्या वासोटा किल्ल्यावर दुसऱ्या बाजीराव पेशव्याने राजांना कुटुंबासह कैदेत ठेवले होते. त्या कैदेतून सुटलेल्या राजांनी नव्या तहावर शिक्का केला.

त्या तहनाम्यातले पाचवे कलम नीट वाचले पाहिजे. राज्याबाहेरच्या कोणाशीही राजांनी परभारे व्यवहार ठेवायचा नाही. बाहेर सोयरीक करायची तरी ती साताऱ्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यामार्फत. हे कलम मोडले तर तहाने मिळालेले सारे जाणार. म्हणजे कट सिद्ध करण्याचीही गरज नव्हती, पत्रव्यवहार पुरेसा होता.

पुढे राजांवर ठेवलेल्या आरोपांत गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर दों मान्युएल द पोर्तुगाल ई काश्त्रू याच्याशी संधान बांधल्याचा आरोप होता. पुरावा काय, तर मध्यस्थांची पत्रे, शिक्के आणि साक्षी. साताऱ्याहून गोव्याला माणसे गेली असतील, हे मला अशक्य वाटत नाही. पण तिथून फौज येणार होती, हे पटत नाही. १८२८ ते १८३४ पोर्तुगालमध्ये यादवी चालू होती. १८३५ च्या जानेवारीत बेर्नार्दु पेरिश द सिल्वा हे गोमंतकीय गृहस्थ गोव्याचे प्रीफेक्ट झाले, तर लष्कराने बंड करून काही आठवड्यांत त्यांना हाकलले. त्यांनी मुंबईचा आसरा घेतला. स्वतःची घडी न बसलेले हे सरकार इंग्रजांशी कशाच्या बळावर लढणार होते? आरोपाची कागदपत्रे वाचताना ही तारीखवार जुळणी केली नाही, तर राजांवर दुसऱ्यांदा अन्याय होतो.

उघड चौकशी झालीच नाही. ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर कारनॅक साताऱ्यात आले. तह मोडल्याची कबुली लिहून द्या, गादी राहील, असा त्यांचा प्रस्ताव होता. राजांनी नकार दिला. ५ सप्टेंबरला त्यांना पदच्युत करून भाऊ शहाजी यांना गादीवर बसवले आणि प्रतापसिंहांची रवानगी काशीला झाली. तिथेच १८४७ मध्ये ते वारले. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते मात्र १८५३ पर्यंत लंडनमध्ये त्यांची बाजू मांडत राहिले. दरम्यान १८४८ मध्ये शहाजीराजे निवर्तले आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने सातारा खालसा केला.