नातेवाचक शब्द, जबलपूरच्या मराठी बोलण्यातील

नातेवाचक शब्द, जबलपूरच्या मराठी बोलण्यातील : मध्य प्रदेशातील जबलपूर शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांतील नाते सांगण्याचे व हाक मारण्याचे शब्द, आणि भोवतालच्या हिंदी-बुंदेली व्यवहाराशी त्यांची होणारी सरमिसळ. दोन्ही भाषा आर्यकुळातल्या असल्याने बरेच शब्द कानाला सारखेच लागतात. त्यांच्यामागची लग्नाची रूढी मात्र वेगळी आहे, आणि खरी अडचण तिथे आहे.

गढा-मंडल्याचे गोंड राज्य 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांकडे गेले. 1798 मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि 1817 मध्ये इंग्रजांनी घेतला. पुढे जबलपूर मध्य प्रांतात असल्याने नागपूरशी दळणवळण कायम राहिले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि त्या राज्याचे उच्च न्यायालय तेथे आले. फौज, कचेरी, रेल्वे, शाळा आणि वकिली अशा निमित्तांनी आलेल्या मराठी घरांची बोली म्हणूनच एकजिनसी नाही. पुणेरी ‘काका-काकू’ आणि वऱ्हाडी-नागपुरी ‘मोठे बाबा-मोठी आई’ ही दोन्ही वळणे तिच्यात मिसळलेली असतात. मोठ्या चुलत्याला हिंदीतही ‘बडे पिताजी’ किंवा ‘बडे पापा’ म्हणतात, त्यामुळे नागपुरी वळणाला इथे शेजारची साथ मिळते.

सारखा आवाज, वेगळे नाते असे शब्द पुष्कळ. मराठी ‘दादा’ थोरला भाऊ, हिंदी ‘दादा’ वडिलांचे वडील. हिंदीत ‘नाना’ म्हणजे आईचे वडील. मराठीत ते घरातल्या कुणाही वडीलधाऱ्याचे टोपणनाव होऊ शकते. सर्वांत गमतीची जोडी ‘भाऊजी’ आणि ‘भौजी’ यांची. मराठी बाई दिराला किंवा बहिणीच्या नवऱ्याला भाऊजी म्हणते, तर बुंदेली ‘भौजी’ ही थोरल्या भावाची बायको. एकत्र कुटुंबात चुलत भावंडांचे ऐकून मुलांनी स्वतःच्या वडिलांनाच ‘काका’ किंवा ‘भाऊ’ म्हणायची जुनी मराठी रीत. ती हिंदी शेजाऱ्याला समजावून सांगणे आणखी कठीण.

हे गोंधळ मात्र वरवरचे आहेत. मराठी नातेशब्दांत मामा-आत्याच्या मुलांमधील विवाहाची जुनी मुभा मुरलेली आहे. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी 1953 च्या आपल्या ग्रंथात भारतीय नातेव्यवस्थेचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग केले आणि महाराष्ट्र मध्य विभागात घातला. तिथली भाषा उत्तरेची असली तरी मामेबहिणीशी लग्न करण्याची चाल दक्षिणेशी नाते सांगते, आणि अनेक मराठी जातींत ती होती. म्हणूनच जुन्या घरांत सून सासऱ्याला ‘मामंजी’ आणि सासूला ‘आत्याबाई’ म्हणे. जबलपूरच्या हिंदी शेजारणीच्या कानाला हे विचित्रच, कारण तिच्याकडे मामाचे घर लग्नासाठी पूर्ण वर्ज्य. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानेही अशी लग्ने निषिद्ध नात्यांत धरली, पण रूढी असेल तेथे सूट ठेवली. आता मराठी सुनाही बहुधा ‘आई-बाबा’च म्हणतात, तेव्हा हा पेच जवळजवळ मिटला आहे.

मामेबहिणीशी लग्नाच्या चालीत जबलपूरच्या परिसरात मराठी माणूस एकटाही नाही. मंडल्याच्या बाजूचे गोंड मामा-आत्याच्या मुलांचे लग्न लावतात. इंग्रज अधिकारी रसेल आणि कटनीचे हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींवरच्या 1916 च्या ग्रंथात या चालीचे ‘दूध लौटाना’ हे नाव नोंदवले आहे : एका घराने मुलगी दिली, तिचे ऋण पुढच्या पिढीत फेडले. गोंडी द्राविड भाषा आहे, मराठी नाही. या रीतीत मात्र दोन्ही समाज हिंदी भाषकांपेक्षा एकमेकांना जवळचे.

मराठीतला ‘मेहुणा’ हा शब्दही याच लग्नव्यवस्थेचा. बहिणीचा नवराही मेहुणा, बायकोचा भाऊही मेहुणा. मराठीत ‘साळा’ आहे, पण मेहुण्याने दोघांना एका पाटावर बसवले. हिंदीत ‘जीजा’ वरचा, ‘साला’ खालचा. मुलगी घेणारा मोठा आणि देणारा लहान, हा भेद शब्दांतच आहे. ‘साला’ शिवी झाला त्याचे मूळ बहुधा यात. (मराठीनेही शिवी उसनी घेतली, नाते नाही.) वरपक्षाचा तोरा मराठी मांडवात कमी नसतो, पण या एका शब्दापर्यंत तो पोचला नाही.

जबलपूरभोवतीच्या बुंदेलखंड-महाकोशलात मुलगी देणारा-घेणारा हा भेद वागण्यातही दिसतो. तेथे मामा भाच्याच्या पाया पडतो, भाचा वयाने कितीही लहान असला तरी. घरच्या मुलीही वडीलधाऱ्यांच्या पाया पडत नाहीत, उलट वडीलधारेच मुलींच्या पाया पडतात. मराठी रिवाज नेमका उलटा : भाचा मामाला नमस्कार करतो, आणि लग्नात अंतरपाटापर्यंत मुलीला आणण्याचा मान मामाचा. मिश्र विवाहानंतर कोण कोणाच्या पाया पडणार हे सोयरिकीच्या बैठकीतच बोलून घेणे शहाणपणाचे. मानपानाच्या यादीत न मावणारे रुसवे यातूनच निघतात.

 काका आणि मामा यांना एकच शब्द मराठी वा हिंदीत चालत नाही; ‘अंकल-आंटी’ने तो दारापुरता आणला, घरात नाही.

परक्यांना नात्याने हाक मारण्यात मात्र दोन्ही भाषा सैल आहेत. नर्मदाकाठी तर नदीलाच ‘मैया’ म्हणतात. परिक्रमेला निघालेला मराठी माणूस तिथे ‘बाबाजी’ होतो, बाई ‘माताराम’ होते, आणि जबलपूरच्या ग्वारीघाटावर ‘आई’ म्हणणारे मराठी तोंड ‘मैया’वर कधी येते ते कळत नाही. बुंदेलीतील ‘कक्का’, ‘दद्दा’, ‘जिज्जी’ ओळखी-अनोळखी सर्वांना चालतात.

राजकारणाने हाच सैलपणा उचलला. मध्य प्रदेशचे माजी मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान ‘मामा’ म्हणून ओळखले जातात. त्यांच्या महिलांसाठीच्या ‘लाडली बहना’ योजनेचा दरमहा 1,000 रुपयांचा पहिला हप्ता 10 जून 2023 रोजी जबलपूरच्या कार्यक्रमातून देण्यात आला. मुलींचा मामा तो मुलींच्या आयांचा भाऊ; हिशेब जुळतो. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना दरमहा 1,500 रुपयांनी सुरू झाली.