आकाशगंगेच्या मध्यावरचे भडके

आकाशगंगेच्या केंद्रातले ‘सॅजिटेरियस ए-स्टार’ हे कृष्णविवर पृथ्वीपासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षे दूर आहे आणि त्याचे वस्तुमान सुमारे ४० लाख सूर्यांइतके आहे. कृष्णविवरातून प्रकाश बाहेर येत नाही. जे दिसते ते त्याच्याभोवती घिरट्या घालणाऱ्या तप्त वायूचे तेज. हे तेज एरवी फारच मंद असते, पण अधूनमधून तासा-दोन तासांसाठी भडकते. असा भडका एकाच तरंगलांबीत पाहिला तर त्याचे अर्धेच कोडे हाती लागते, हे समजायला खगोलशास्त्रज्ञांना काही दशके लागली.

सुरुवात रेडिओलहरींपासून झाली. फेब्रुवारी १९७४ मध्ये ब्रूस बॅलिक आणि रॉबर्ट ब्राऊन यांनी अमेरिकेतल्या ग्रीन बँक येथील दुर्बिणींनी धनू राशीत एक अतिशय लहान, प्रखर रेडिओस्रोत शोधला. ‘ए-स्टार’ हे नाव ब्राऊन यांनी १९८२ मध्ये दिले. पुढे नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीने हाच स्रोत ६२० मेगाहर्ट्झवर टिपला. १,००० मेगाहर्ट्झच्या खाली तो ओळखता येण्याची ती पहिलीच वेळ, आणि हे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. दृश्य प्रकाशात मात्र काहीच साधत नाही. वाटेतल्या धुळीमुळे तिथून निघालेल्या लाख कोटी प्रकाशकणांपैकी जेमतेम एक आपल्यापर्यंत पोहोचतो. धुळीतून पार होणारे रेडिओ, अवरक्त आणि क्ष-किरण एवढेच मार्ग उरतात.

पहिला मोठा भडका क्ष-किरणांत दिसला. ऑक्टोबर २००० मध्ये ‘चंद्रा’ या अवकाश दुर्बिणीतून फ्रेड बॅगनॉफ यांच्या गटाला हा स्रोत नेहमीच्या सुमारे ४५ पट तेजस्वी झालेला आढळला. काही मिनिटांतच तेज बदलत होते. कोणतीही वस्तू तिच्या आरपार जायला प्रकाशाला लागणाऱ्या वेळेपेक्षा लवकर एकसंधपणे उजळू शकत नाही. तेव्हा हा प्रकाश कृष्णविवराच्या अगदी जवळच्या छोट्या भागातूनच येत असणार. मे २००३ मध्ये राइनहार्ड गेन्झेल यांच्या गटाने चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीने अवरक्त भडका टिपला.

मग प्रश्न उरला तो नात्याचा: हे दोन्ही भडके एकाच घटनेचे का? उत्तरासाठी वेगवेगळ्या दुर्बिणी एकाच वेळी एकाच ठिकाणी रोखणे भाग होते, आणि भडका कधी होईल हे कोणालाच आधी सांगता येत नाही. जमिनीवरच्या अवरक्त दुर्बिणीला निरभ्र रात्र हवी, अवकाशातल्या दुर्बिणीचे वेळापत्रक कितीतरी आधी ठरलेले. तरीही आन्द्रेआस एकार्ट आणि सहकाऱ्यांना जून २००३ मध्ये दोन्हींत एकत्र भडका सापडला. पुढच्या निरीक्षणांतून दिसले की क्ष-किरणांच्या प्रत्येक ठळक भडक्याला अवरक्त जोड असते, पण अवरक्ताच्या प्रत्येक भडक्याला क्ष-किरणांची जोड असतेच असे नाही.

रेडिओने या गोष्टीत वेळेचे परिमाण आणले. फरहाद युसुफ-झादेह यांच्या गटाने न्यू मेक्सिकोतल्या व्हीएलए दुर्बिणीने ४३ आणि २२ गिगाहर्ट्झवर निरीक्षण केले, तेव्हा कमी वारंवारितेतला कळस सुमारे २० ते ४० मिनिटे उशिरा आला. त्यांचे स्पष्टीकरण असे: चुंबकीय क्षेत्रात सापडलेला प्रवेगित इलेक्ट्रॉनांचा ढग प्रसरण पावतो. सुरुवातीला तो लांब तरंगलांबीच्या लहरींना अपारदर्शक असतो. पसरत विरळ झाला की त्या बाहेर पडू लागतात. हा उशीर म्हणजे प्रसरणाचे मोजमाप, आणि या साऱ्या इतिहासातला सर्वांत फलदायी विचार हाच म्हणावा लागेल. मात्र तो प्रत्येक भडक्याला लागू पडत नाही, म्हणून वादही चालू राहिला.

२०१२ मध्ये ‘चंद्रा’ने वर्षभरात सुमारे ३० लाख सेकंद हा स्रोत न्याहाळला आणि ३९ भडके नोंदवले, म्हणजे दिवसाला साधारण एक. मे २०१९ मध्ये हवाईतल्या केक दुर्बिणीने अवरक्त तेज दोन तासांत ७५ पटींनी बदलताना पाहिले. दरम्यान २०१८ मध्ये व्हीएलटीवरच्या ‘ग्रॅव्हिटी’ उपकरणाने भडक्याचा तेजस्वी भाग कृष्णविवराभोवती प्रकाशाच्या सुमारे ३० टक्के वेगाने फिरताना दाखवला. म्हणजे भडका हे केवळ तेजाचे चढउतार नाहीत. ती कक्षेत फिरणारी वस्तू आहे.

निकट-अवरक्त आणि मिलिमीटर लहरींमधला पट्टा बराच काळ रिकामा होता. एप्रिल २०२४ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने मध्य-अवरक्तात भडका टिपला. हवाईतल्या सबमिलिमीटर अॅरेला त्याचा कळस सुमारे दहा मिनिटांनी दिसला, क्ष-किरणांत मात्र काहीच उठले नाही. त्या भडक्यातले इलेक्ट्रॉन क्ष-किरणांइतकी ऊर्जा देण्यापर्यंत पोहोचलेच नसावेत, असा त्याचा अर्थ निघतो.