आंतरहंगामी दोलने आणि रायपूरचा पावसाळा

उष्णकटिबंधातील वातावरणात ढगाळ व कोरडे टापू आळीपाळीने सरकत असतात. त्यांची एक फेरी साधारण ३० ते ६० दिवसांत पुरी होते. अशा फेऱ्यांना आंतरहंगामी दोलने म्हणतात. पूर्वेकडे सरकणारे मॅडन-ज्युलियन दोलन हे यांतले सर्वांत ठळक. रोलंड मॅडन व पॉल ज्युलियन यांनी १९७१ मध्ये ते पॅसिफिकमधील कँटन बेटावरच्या वाऱ्याच्या नोंदींतून हुडकले. पावसाळ्यात हिंदी महासागरावरील ढगांचा पट्टा उत्तरेकडेही चढतो. डी. आर. सिक्का व सुलोचना गाडगीळ यांनी १९८० मध्ये उपग्रह-छायाचित्रांच्या आधारे हे मांडले. पट्टा दिवसाला सुमारे एक अक्षांश चढतो, म्हणजे विषुववृत्तापासून २१ अंशांवरील रायपूर गाठायला त्याला तीनेक आठवडे लागतात. पश्चिमेकडे जाणारे १० ते २० दिवसांचे दोलनही यात मिसळते. त्यामुळे घड्याळ लावून पावसाची वाट पाहण्यात अर्थ नाही.

रायपूर महानदीच्या खोऱ्यात सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे. वायव्येला मैकल डोंगररांग, दक्षिणेला बस्तरचे पठार. ढगांचा पट्टा बंगालच्या उपसागरावर आला की तेथे कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात आणि ओडिशामार्गे छत्तीसगडात शिरतात. जोरदार पाऊस बहुधा त्यांच्या नैर्ऋत्य अंगाला पडतो. म्हणून केंद्र रायपूरच्या उत्तरेने गेले, तर शहर व बस्तर दोन्ही झोडपले जातात. दोलन फार तर आठवडा सांगते. गाव कोणते भिजणार हे कमी दाबाच्या क्षेत्राची वाट आणि डोंगर ठरवतात. मैकलच्या आडोशाचा कवर्धा भाग कोरडा राहतो, तर अबूझमाडच्या डोंगरांत मुबलक पाऊस होतो.

ढगांचा पट्टा पुढे सरकला की पावसात खंड पडतो. मोसमी द्रोणी, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, हिमालयाच्या पायथ्याशी जाते. तिकडे पावसाला जोर येतो आणि मध्य भारतात उघडीप होते. जुलै २००२ मधील खंडात देशाचा त्या महिन्याचा पाऊस सरासरीच्या जवळपास निम्म्यावर आला. हंगामाअखेरची तूट १९ टक्के होती.

रायपूर भागात खंडाचा खरा फटका बियासीला बसतो. जूनमध्ये फेकून पेरलेला धान महिनाभराचा झाला, की बांधीत पाणी साचलेले असताना उभ्या पिकात हलका नांगर फिरवतात; हीच बियासी. तण उपटते, दाटी मोडते. उपटलेली रोपे विरळ जागी लावण्याला चलाई म्हणतात. पाणीच नसेल तर नांगर फिरत नाही, रोपे वयस्क होतात आणि तण माजते. उंचवट्यावरची मुरमाड भाठा जमीन चार दिवसांत कोरडी पडते, सखलातली काळी कन्हार बराच काळ ओल धरते. त्यामुळे हंगामाची सरासरी गाठली गेली, तरी बियासीच्या पंधरवड्यात पाऊस नसेल तर भाठ्यावरचे पीक हातचे जाऊ शकते.

भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी चार आठवड्यांपर्यंतचा विस्तारित अंदाज देतो, त्याला या दोलनांचाच मोठा आधार असतो. पहिल्या दोन आठवड्यांचा अंदाज बऱ्यापैकी भरवशाचा असतो. पुढचा केवळ कल दाखवतो.